खाज मळाची नसते हो!

नमस्कार मंडळी! डिसेंबर लागला की सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी एक संवाद ठरलेला. बाबा, वय 78, पोटऱ्या खाजवत म्हणणार, "अंगावर मळ साठलाय गं, पाणी कडकडीत काढ." मग अर्धा तास आंघोळ, दोनदा साबण, वर वज्री. बाहेर येतात ते लालबुंद होऊन. आणि रात्री पुन्हा खाज!

ही खाज मळाची नाही, आंघोळीची आहे. वय झालं की त्वचा पातळ होते, तिच्यातल्या तेलग्रंथी मंदावतात. जे थोडं तेल उरलेलं असतं ते कढत पाणी आणि साबण धुऊन नेतात. साबणाच्या साध्या वडीचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 9 ते 10, म्हणजे अल्कली; त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. त्यात पुण्याची कोरडी थंडी.

बंबाच्या पाण्यावर वाढलेल्या पिढीला कोमट म्हणजे गारच वाटतं, कल्पना आहे मला. तरी पाणी कोमटच हवं, आणि आंघोळ 5 ते 10 मिनिटांत आटपायची. साबण काखा, जांघा आणि पावलांना. हातापायांना रोज नको. बादलीत झाकणभर जंतुनाशक ओतत असाल तर तेही बंद. थंडीत दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी चालतं. (हे आमच्या बाबांना सांगू नका. त्यांची पूजा अडते.)

अंग पंच्यानं टिपायचं, रगडायचं नाही. ते दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. खोबरेलही चालेल, पण बाथरूमच्या बाहेर, खुर्चीत बसून. तेलकट तळव्यांनी ओल्या फरशीवर पाय टाकलात की मांडीचं हाड गेलंच म्हणून समजा!

मधुमेह असेल तर जास्त जपा. पायाच्या बोटांची बेचकी कोरडी करा, तिथे क्रीम नको. वज्री तर नकोच. पायाला चटका कळेलच असं नाही, म्हणून पाणी आधी कोपरानं बघा. तळवे रोज तपासा. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून.

आणि एवढं करूनही दोन-तीन आठवडे खाज थांबली नाही, तर डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या दुखण्यातही अंग खाजतं. नुसतं मलम बदलत बसू नका.

बाथरूमला आतून कडी लावू नका. गॅस गिझर आत असेल तर तो बाहेर हलवून घ्या, बंद जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि वास येत नाही. भिंतीला धरायला दांडा, खाली रबरी मॅट, बसायला स्टूल.

आमचं स्टूल मी दिवाळीत आणलं. "मी काय म्हातारा झालोय?" असं म्हणून बाबांनी ते कोपऱ्यात सरकवलं होतं. परवा मी बाथरूम पुसायला गेले, तर स्टूल ओलं!