ताट वाढून झाल्यानंतरचे काम

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सदस्य आणि येथे जमलेले सर्व सुहृद,

पुण्यातील आमच्या लहानशा संस्थेच्या कामाविषयी बोलण्यासाठी परदेशात राहणाऱ्या आपण मंडळींनी मला बोलावलेत, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. निमंत्रणाच्या पत्रात ‘अन्नदान’ हा विषय सुचवला होता. अन्नदान आम्ही करतोच. पण उपाशी माणसापुढे ताट ठेवल्यानंतर जे काम सुरू होते ते अधिक वेळखाऊ, अधिक किचकट आणि देणगीदारांना फारसे ठाऊक नसलेले असते, म्हणून आज मी मुख्यतः त्याविषयीच बोलेन.

भुकेल्याला जेवू घालण्याची पुण्याची सवय जुनी आहे. आपल्यापैकी काहींच्या पणजोबांनी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून, शिक्षण पुरे केले असेल. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे, हेही घरात ऐकले असेल. ती व्यवस्था उदार होती, पण ती बहुतांशी एकाच जातीच्या मुलांसाठी होती, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करू नये. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली आणि खेड्यातून येणाऱ्या गरीब मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय दारोदार हिंडण्यातून सुटली. १९७४ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवरून पोती वाहणाऱ्या हमालाला ना नफा ना तोटा तत्त्वावर, स्वतःच्या खिशातले पैसे मोजून पोटभर जेवता यावे, अशी ती योजना होती आणि माझ्या मते पुण्याने या क्षेत्रात केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे. पुढे १९९५ मध्ये राज्य सरकारची एक रुपयाची झुणका-भाकर आली आणि काही वर्षांत बंदही पडली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, इतके त्या थाळीत असते. ज्याला दिवसाकाठी एवढेच मिळते, त्याचे त्यात भागत नाही.

आमच्या पंगतीला येणारी माणसे कोण, असे मला नेहमी विचारले जाते. भीक मागणारे त्यांत थोडे असतात. ससून रुग्णालयात रुग्णाला दाखल करून बाहेर फुटपाथवर दिवस काढणारे सोलापूर, बीड, अहिल्यानगरकडचे नातेवाईक असतात. रुग्णाला आतून जेवण मिळते, नातेवाइकाचे कोण बघणार? सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहून काम न मिळाल्याने परतलेले बिगारी असतात. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, मेसचा एक डबा दोघांत खाणारी मुलेही असतात. ती मात्र रांगेत उभी राहत नाहीत, कारण गावाकडे कोणी पाहिले तर काय म्हणेल याची त्यांना धास्ती असते.

आता ताटानंतरच्या कामाविषयी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. त्याखाली प्राधान्य, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाच्या, कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कागदावर भूक येथे संपायला हवी. परंतु महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका ज्या घरात आहेत, ते घर या हिशोबाने गरीब ठरत नाही. ज्यांचे कार्ड आहे, त्यांची निराळी अडचण. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींची बोटे वर्षानुवर्षे राख, साबण आणि वाळूने भांडी घासून गुळगुळीत झाली आहेत. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला की दुकानदार म्हणतो, ‘अंगठा उठत नाही.’ मग पदराला बोट पुसायचे, दुसरे बोट लावायचे, तर्जनी, मधले बोट, डावा हात. मागची रांग कुरकुरते आणि मावशी ‘राहू द्या, उद्या येते’ म्हणून निघतात. उद्याचा दिवस म्हणजे एका घरचे काम बुडणार. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय असते, पण त्यासाठी आधारशी जोडलेला क्रमांक चालू हवा आणि तो बहुधा मुलाच्या जुन्या सिमचा असतो. आमची कार्यकर्ती त्यांच्याबरोबर आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून आणते. हे काम छायाचित्रात दिसत नाही. पण त्यानंतर त्या घरात दरमहा धान्य येते.

बेघरपणाचेही तसेच आहे. पुण्यात बेघर होणारा माणूस पुष्कळदा कामावर जाणारा असतो. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या रखवालदाराचा पगार दोन महिने अडकला की त्याची कॉट दुसऱ्याला दिली जाते, आणि नवी जागा घ्यायची तर भाड्याशिवाय डिपॉझिट लागते. नेमक्या त्याच आठवड्यात त्याला थोडी रक्कम मिळाली, तर तो रस्त्यावर येत नाही; एकदा आला की कपड्यांची पिशवी चोरीला जाते, तिच्याबरोबर आधार कार्ड जाते, अंघोळीवाचून काम जाते आणि मग त्याला परत उभे करायला कित्येक पट खर्च येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे शंभर माणसांचा, वर्षभर चालणारा एक निवारा असावा असे सांगितले. पुण्याच्या लोकसंख्येला हा भागाकार लावून पाहिला, तर किती निवारे हवेत ते लक्षात येईल. निवाऱ्यात जागा मिळाली तरी तेथे कुटुंबाने एकत्र राहणे कठीण असते, त्यामुळे नवरा-बायको उड्डाणपुलाखाली एकत्र राहणे पसंत करतात. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा, परित्यक्ता आणि निराधारांना दरमहा दीड हजार रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेचे खाते आणि अर्ज मंजूर होईपर्यंत तग धरण्याची ताकद लागते. ज्याला पत्ताच नाही, त्याने रहिवासाचा पुरावा आणायचा कोठून? आमचा निम्मा वेळ या प्रश्नात जातो.

देणगीविषयी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. वाढदिवसाचे आणि पितृपक्षातले अन्नदान आमच्याकडे इतके येते की काही दिवशी जेवण उरते. दिवाळीत फराळाचे पुडे ठेवायला जागा नसते. जून ते सप्टेंबर या काळात बांधकामे मंदावतात, शाळेचा खर्च अंगावर येतो, आजारपणे वाढतात आणि तेव्हाच आमची पेटी रिकामी असते. जुने कपडे कृपया पाठवू नयेत. डिपॉझिटसाठी, कार्यकर्तीच्या मानधनासाठी, रिक्षाभाड्यासाठी वापरता येईल अशी बिनअटीची रक्कम द्यावी.

कायद्याची बाजूही ऐकून घ्यावी. आपल्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. आम्ही फक्त पासपोर्टची प्रत मागतो. ज्यांनी येथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्याखाली परदेशी ठरते. आमच्या संस्थेची ती नोंदणी नाही, म्हणून आम्हाला ती घेता येत नाही. मंडळाने एकत्र गोळा केलेला निधीही त्याच कारणाने चालणार नाही. नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेला तो अवश्य द्यावा. मात्र तो आमच्याकडे वळवावा अशी गळ तिला घालू नये, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर ते बेकायदा आहे.

ज्यांची देणगी आम्हाला घेता येत नाही, अशा सभासदांना माझी विनंती वेगळी आहे. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील, काका, मावश्या पुण्यात आहेत आणि बँकेतून, शाळेतून किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. अर्ज नीट कसा भरायचा, कोणत्या खिडकीवर जायचे आणि साहेब जेवायला गेले असे उत्तर मिळाले तर खुर्ची ओढून कसे बसून राहायचे, हे त्यांना उत्तम येते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक आमचे अर्जांचे टेबल लागते. आज रात्री घरी फोन कराल, तेव्हा त्यांना तेवढे विचारून पाहावे.