बाल्डविन चौथा: राजा, रोग आणि राज्य

मंडळी, बाराव्या शतकात जेरुसलेमवर राज्य करणारा ख्रिस्ती क्रुसेडर राजा बाल्डविन चौथा, याच्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. त्याचं राज्य त्याच्या कुष्ठरोगामुळे बुडालं नाही. तो होता तोवर ते तगलं. पण त्याआधी तो चांदीचा मुखवटा बाजूला ठेवू या. ‘किंगडम ऑफ हेवन’ या चित्रपटात पाहिलेला तो चेहरा तुमच्या मनात असणार. त्याच्या काळच्या वृत्तांतांत असा मुखवटा कुठेही नाही. मला त्याचा राग येतो, कारण त्यामागे माणूस झाकला जातो, आणि हा माणूस तर आपल्याला फार जवळून दिसतो. त्याचा शिक्षकच इतिहासकार होता.

टायरचा विल्यम. राजा अमालरिकने नऊ वर्षांच्या बाल्डविनला त्याच्या हाती सोपवलं. सरदारांची पोरं खेळताना एकमेकांच्या हातांत नखं रुतवायची. बाकीची कळवळून ओरडायची, बाल्डविन हूं की चूं करत नसे. विल्यमला आधी वाटलं, पोर सोशीक आहे. पण पुन्हा पुन्हा तेच घडलं, तेव्हा त्याने खोदून विचारपूस केली आणि कळलं, उजवा हात अर्धाअधिक बधिर आहे. कुष्ठरोग्यांमध्ये काम केलेलं कुणी इथे असेल, तर त्यांना ही खूण लगेच कळेल: न दुखणं. शेक झाले, तेलं झाली, गुण काही आला नाही. हे सांगताना अश्रू आवरत नाहीत, असं विल्यम लिहितो. शिक्षकाने विद्यार्थ्याबद्दल असं लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

1174 मध्ये वडील गेले आणि तेराव्या वर्षी बाल्डविन गादीवर आला. 1177 च्या नोव्हेंबरात, सोळाव्या वर्षी, मोंगिसारला त्याने इजिप्त-सीरियाचा मुस्लिम सुलतान सलाउद्दीन याच्या कितीतरी मोठ्या फौजेला पळवून लावलं. या लढाईवर तासभर बोलता येईल, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थेट 1183 वर येतो.

एव्हाना दृष्टी जवळजवळ गेली होती, हातपाय चालत नव्हते. बहीण सिबिलाचा नवरा गी याला त्याने कारभारी नेमलं होतं. सलाउद्दीन चालून आला, गी फौज घेऊन नुसता बसून राहिला. बाल्डविनने त्याला दूर केलं, पाच वर्षांच्या भाच्याला राज्याभिषेक करवला आणि सलाउद्दीनचा वेढा पडलेल्या केरक किल्ल्याकडे डोलीतून निघाला. सलाउद्दीनने वेढा उठवला. पुढे गीने आपल्या ताब्यातल्या अस्कलान शहराचे दरवाजे राजालाच बंद केले. सिबिलाचं हे लग्न बाल्डविनच्याच संमतीने झालं होतं, ही त्याची चूक मी झाकणार नाही. पण गी राज्य राखू शकणार नाही, हे त्याने वेळीच ओळखलं.

1185 मध्ये बाल्डविन वारला, पुढच्या वर्षी तो भाचाही गेला, आणि सिबिलाने गीला राजा केलं. 1187 च्या जुलैत गीने सफुरियाचा भरपूर पाण्याचा तळ सोडून सलाउद्दीनशी लढायला फौज उन्हातून हत्तीनकडे नेली. 4 जुलैला सैन्य संपलं, गी कैद झाला, 2 ऑक्टोबरला जेरुसलेम सलाउद्दीनच्या हाती गेलं. आजारी राजा तेव्हा दोन वर्षांपूर्वीच थडग्यात गेला होता.

वेळ संपली. प्रश्न घेऊ या.