डाव्या पायाचं वर्ष

(पहाट. लाल मातीची वाट, धुकं, लांबून टापांचा आवाज.)

दस्तुरी नाक्याला मोटारी थांबतात. तिथून पुढं माथेरान लाल मातीचं आणि घोड्यांचं. आमची चांदणी या वाटेवर 14 वर्षं चालली. आता ती 19 वर्षांची आहे.

ऑक्टोबरात ओल्या उतारावर तिचा पुढचा डावा पाय घसरला. बाबांनी तिथंच जीन उतरवलं, पाहुण्यांना पायी पाठवलं. संध्याकाळपर्यंत गुडघ्याखाली, नळीच्या मागं, पाय धनुष्यासारखा फुगला होता.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कातडी आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या, दोरखंडासारख्या कंडरा. अंगाचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर. कंडरेला रक्त कमी मिळतं, म्हणून ती सावकाश भरते, आणि भरली तरी पहिल्यासारखी लवचीक होत नाही. सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, "वर्ष धरून चला."

(पाण्याची धार. पाय आणि बाबांचे हात.)

पहिले दिवस गार पाण्याचे. एका वेळी 20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग पट्टी. आत कापसाचा जाड थर आणि ताण सगळीकडे सारखा, कारण एका जागी आवळलेली पट्टीच कंडरेला इजा करते. पहिल्या दिवशी बाबांनी ती चार वेळा सोडून पुन्हा बांधली.

पट्टी दोन्ही पायांना. चांगल्या पायाला कशाला, असं शेजारचे विचारायचे. पण खरी भीती त्याच पायाची होती. दुखरा पाय टेकवत नाही म्हटल्यावर सगळा भार दुसऱ्यावर येतो, खुराच्या आतलं नाजूक मांस सुजतं, आतलं हाड जागचं हलू शकतं. तसं झालं तर म्हातारं जनावर पुन्हा उभं राहणं कठीण. म्हणून रोज रात्री बाबा उजव्या खुरावर तळहात ठेवून बसतात. खूर तापलंय का? मागची नाडी ठणकतेय का?

काम बंद, म्हणून चंदी, म्हणजे दाणा, कमी केली. गवत आणि पाणी मात्र भरपूर, कारण उभ्या जनावराची आतडी मंदावतात, पोटशूळ उठतो. आई सकाळी आधी लीद बघते, मग चहा टाकते. तिलाच एकदा गव्हाणीखाली चघळून टाकलेले गवताचे गोळे सापडले. वयानं दाढांना धार आली होती. डॉक्टरांनी त्या कानशीनं घासल्या, तेव्हा कुठं चांदणी नीट खायला लागली.

(उन्हाळा. दोरी धरून चालणारे बाबा.)

चालणं 5 मिनिटांनी सुरू झालं. सपाट जमीन, हातात दोरी, दर आठवड्याला थोडी वाढ. सगळ्यात धोक्याचा काळ हाच. सूज उतरलेली, लंगडणं गेलेलं, घोडी दोरीला हिसके देते, आणि आतली कंडरा अजून कच्ची.

मे महिन्यात गिऱ्हाईक दारात उभं होतं. एकच फेरी मारून आणू का, मी विचारलं. बाबा काही बोलले नाहीत. जीन उचललं आणि आत नेऊन ठेवलं. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

चांदणी आता पाठीवर माणूस घेणार नाही, हे घरात ठरलंय. आज ती 40 मिनिटं चालली. वळणावर दस्तुरीकडून घुंगरांचा आवाज आला, तशी थांबली, कान टवकारले. बाबांनी तिला ऐकू दिलं. मग दोरी घराकडं वळवली.