गुहागरला निघण्याआधी तिथी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की साताऱ्यात घरोघरी एक बेत शिजतो. पहाटे निघायचं, समुद्र बघायचा आणि रात्री आपल्याच अंथरुणावर येऊन पडायचं. सांगली-मिरजेची मंडळी आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे वळतात. आपण सातारकर उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करत चिपळूण आणि तिथून गुहागर गाठतो. जायला साडेचार-पाच तास, यायला तेवढेच. किनाऱ्यावर हातात उरतात पाच तास, फार तर सहा. मोदक कुठे चांगले मिळतात याची चौकशी आठवडाभर चालते. पण भरती किती वाजता, हा प्रश्न गाडीतून उतरल्यावर सुचतो. या पाच तासांत समुद्र कसा असेल, हे मात्र घरबसल्या कळतं.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. कोकणातला हा जुना हिशोब आहे, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला तर तोंडी जमायचा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मग दुपारभर पाणी मागे हटत राहणार. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच रोज पुढे सरकते. म्हणून हे गणित जमतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

पोरंबाळं बरोबर असतील तर मी अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडेन, शुद्ध असो की वद्य. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तिचा जोर कमी. शिवाय दुपारच्या ओहोटीत ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यावर बारके खेकडे कामाला लागतात. चिमूटभर वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाणं टिपायचं आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी उमटते. आपलं पाऊल वाजलं की सगळे बिळात गडप. दोन मिनिटं हालचाल न करता बसा, पुन्हा वर येतात. मुलांना पाण्याइतकंच हे आवडतं, आणि इथे कुणी बुडत नाही.

बुडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, अशा जागी उतरू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच आत परतत असतं. ओढले गेलात तर सरळ काठाकडे झटू नका. काठाला समांतर पोहत बाजूला या, मग बाहेर. कृष्णेच्या डोहात सूर मारणाऱ्यांनी तर हे आधी ऐकावं, नदीतलं पोहणं इथे पुरत नाही. आणि गाडी वाळूत घालू नका. भरती चढू लागली की चाकं रुततात, मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

वाटेत कोयनानगरला चहाला थांबाल, तेव्हा मुलांना एक गोष्ट सांगा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीला वीज करतं, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीत पडतं. असं पश्चिमेला वळवायला कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची, म्हणजे 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. घाट उतरल्यावर चिपळुणात दिसणाऱ्या नदीत आपल्या जिल्ह्यातलं पाणी असतं, आणि दाभोळच्या खाडीतून ते समुद्राला मिळतं.

घाटाखाली उतरलात की शर्ट पाठीला चिकटतो. तापमापक साताऱ्यापेक्षा कमी दाखवेल, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. अकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो, शाळेतले खारे वारे ते हेच. तोवर व्याडेश्वराचं दर्शन उरकून घ्या, देवळात गारवा असतो. मासे खाणाऱ्यांनी मे महिनाच गाठावा. 1 जूनपासून मासेमारीला पावसाळी बंदी लागते.

परतताना चारला निघा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. तो बघून निघालात तर घाट अंधारात लागतो आणि घरी पोचायला मध्यरात्र. माझं मत विचाराल तर एका दिवसाच्या सहलीत सूर्यास्त सोडावा. त्याचाच हट्ट असेल तर मुक्काम करा.

निघताना कुणाच्या अंगणात रातांब्यांची सालं वाळत घातलेली दिसतील. ती रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, असं बरेच दिवस चालतं. तेव्हा कुठे आमसूल काळं होतं. तिथेच आगळ, म्हणजे रातांब्यांचा मीठ घातलेला रस, मिळतं का विचारा. सरबताचं गोड अमृतकोकम वेगळं; आगळ खारट असतं, सोलकढीला तेच लागतं. बाटली मात्र डिकीत टाकू नका, कुणाच्या तरी पायाशी उभी धरायला द्या. कुंभार्लीच्या वळणांवर झाकण सुटलं तर तो लाल डाग सीटवरून निघत नाही.

नमस्कार.