नि वर्ज्य, तरी चार आवाज

(बोरीचा पूल, सकाळ, स्कूटर)

हा बोरीचा पूल, खाली झुआरी. पुलाच्या एका बाजूला साष्टी, दुसऱ्या बाजूला फोंडा. स्कूटरवर जे गृहस्थ दिसतायत त्यांना त्यांच्या गावात सगळे मेस्त, म्हणजे मास्तर, म्हणतात. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, कॉयर (गाणाऱ्यांचा समूह) बसवणं, पोरांना सोलफा (डो रे मी) आणि व्हायोलिन शिकवणं, लग्नाच्या बँडसाठी पानं लिहून देणं, सगळं तेच करतात. आज ते फोंड्याजवळच्या एका भजनी मंडळाकडे निघालेत, आणि पाठीवरच्या बॅगेत आहे पेन्सिल, खोडरबर, पाच-पाच रेघांचे कागद.

काम काय तर भूप रागातल्या एका अभंगाला हार्मोनी लिहायची, म्हणजे चालीबरोबर एकाच वेळी गायचे दुसरे सूर. बुवा गाणार, मंडळ ध्रुवपद उचलणार, आणि ते ध्रुवपद चार आवाजांत. वरपासून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. सोबत दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट आणि तो कोपऱ्यात उभा आहे तो रबेकांव, म्हणजे डबल बास, जो टेम्पोतून आणावा लागला. पखवाज आणि टाळ तर आहेतच.

(हॉलमधली पहिली तालीम)

आता इथे नीट बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. गोव्यात मांडो (कोंकणी गाणं) ऐकलाय ना, त्यात दुसरा आवाज कसा चालतो, पहिल्याच्या खाली तीन सुरांचं अंतर ठेवून बरोबर बरोबर, कधी सहाचं. कान इतके सरावलेत की कॉयरमधल्या बायकांना कागद न देता पण तसा दुसरा आवाज लावता येतो. त्या बायकांनी इथेही तेच केलं. चाल उतरते ग रे सा. ग च्या खाली सा, मस्त. रे च्या खाली हिशोबाने येतो नि. आणि नि लागला रे लागला, बुवांनी पेटीवरचा हात उचलला.

बुवांचं बरोबर आहे. भूपात मध्यम आणि निषाद नाहीतच, सा रे ग प ध एवढ्यावर सगळा संसार. आता हार्मोनीच्या बाजूने विचार करा. कोणतीही साधी हार्मोनी तीन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर) उभी राहते, सा चा, म चा आणि प चा. सा चा कॉर्ड आहे, सा ग प. म चा करायला म च नाही. प चा म्हणजे प नि रे, त्यातला मधला सूर वर्ज्य. मग उरलं काय, सा ग प आणि ध सा ग, एवढंच. शाळेत शिकलेली निम्मी हार्मोनी दारातच राहिली.

मेस्त म्हणाले, "नि घालना बुवा, भियेनाकात," म्हणजे नि घालत नाही, घाबरू नका. आणि पेन्सिल काढली.

(कागद, क्लोजअप)

हे त्यांचं अक्षर. वरच्या ओळीत चाल, ग रे सा. खाली आल्टो. ग ला सा दिला, रे ला ध, आणि सा आला तरी आल्टो ध वरच थांबलाय. बास हललाच नाही, सा धरून बसलाय तानपुऱ्यासारखा. मधल्या रे वर सा, ध, रे असे तीन सूर एकत्र वाजतात, पुस्तकाप्रमाणे हा धड कॉर्ड नाही, लटकलेला आहे. पण भूप मोडत नाही, आणि पुढचा सा आला की ते लटकणं सुटतं. टेनरला त्यांनी एका जागी प दिला होता तो खोडलाय बघा, कारण वरच्या चालीसोबत लागोपाठ दोनदा पंचमाचं (सा ते प एवढं) अंतर झालं असतं, दोन आवाज एकाच दिशेने तसे सरकले की वेगळेपण जातं, एकच जाड आवाज वाटतो. हा नियम शेकडो वर्षं जुना आहे आणि मेस्त तो अजून खोडरबरने पाळतात.

बुवा एकटे गातात तेव्हा हार्मोनी नाहीच, फक्त रबेकांवचा सा. आम्हाला विचाराल तर ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, कारण बुवांच्या हरकतीखाली कॉर्ड बदलत राहिला असता तर दोघांची फरफट झाली असती.

मग स्केलचा वाद, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरायचा. बुवा गातात काळी एक मध्ये. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा, जी, डी, ए, ई, आणि काळी एकच्या भूपात यातली एकही तार कामाची नाही, प्रत्येक सूर बोटानेच दाबायचा. मेस्त म्हणाले पांढरी दोन करू, अर्धा सूर वर. मग डी, ए, ई तिन्ही तारा मोकळ्या मिळतात, रबेकांवला तर सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर. पण क्लॅरिनेटवाला कुरकुरला, त्याचं वाद्य बी फ्लॅटचं, त्याला सगळं एक सूर वर लिहून द्यावं लागतं, म्हणजे काळी एकमध्ये त्याला तीन फ्लॅट (अर्धा सूर उतरवायच्या खुणा) होते, आता चार शार्प (चढवायच्या). बुवा पण कुरकुरले, तारसप्तकात अर्धा सूर म्हणजे काय ते गाणाऱ्याला विचारा. शेवटी पांढरी दोनच ठरली, पखवाज परत चढवला, क्लॅरिनेटचं पान परत लिहिलं.

(जुने फोटो, स्टुडिओ)

ही पानं लिहिणारी माणसं गोव्यात आली कुठून? पोर्तुगीज काळात इगर्जीच्या शाळांतून पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, पिढ्यान्पिढ्या. त्यातले कितीतरी जण मुंबईच्या स्टुडिओत गेले. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन सी. रामचंद्रांकडे. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे, संगीतकाराने चाल गाऊन दाखवायची आणि शंभर वादकांनी काय वाजवायचं ते यांनी लिहायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म 1927, यांनी प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना व्हायोलिन शिकवलं. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर लिहिलेलं संगीत मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मंगेशकरांचं मूळ गाव मंगेशी इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. म्हणजे मेस्त आज जे करतायत ते काही आकाशातून पडलेलं नाही. 1977 मध्ये प्यारेलाल या शिष्याने गुरूचं नाव 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात घातलं आणि देशभर सगळ्यांच्या तोंडी झालं, पण हा खरा माणूस आहे आणि तो पानं लिहायचा हे किती जणांना माहीत होतं? अरेंजरचं, म्हणजे पानं लिहिणाऱ्याचं, नाव पडद्यावर बहुतेक वेळा यायचंच नाही, आलं तर असिस्टंट म्हणून बारीक अक्षरात.

(तालीम, सगळे एकत्र)

हे आता सगळं जुळलंय, ऐका. आम्ही बोलत नाही.

(ध्रुवपद पूर्ण, निवेदन नाही)

कार्यक्रम झाला, हॉल भरला होता, ध्रुवपदाला वन्स मोअर मिळाला.

(निमंत्रणपत्रिका)

ही पत्रिका. गायन आहे, पखवाज आहे, संवादिनी, टाळ, ध्वनिव्यवस्था, मंडप, सगळ्यांची नावं आहेत. हार्मोनी कोणी लिहिली ते नाही. छापणाऱ्याने जागा नव्हती म्हणून सांगितलं, आणि मंडपवाल्याला दोन ओळी दिल्यायत.

पानं आता मंडळाच्या कपाटात आहेत, पेटीच्या शेजारी, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, कारण जूनमध्ये इथे कागदाला बुरशी धरते. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात वर मेस्तांचं नाव घालून घेतलंय, पडद्यावर दिसतंय ते वाचा. दुसऱ्या कुठल्या मंडळाला हवी असतील तर झेरॉक्स मिळेल, फक्त तो कोपरा कापायचा नाही.