तिसरी तार

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर समुद्र, दूरवर विमानवाहू नौका]

क्षेपणास्त्रं संपली, शत्रूची विमानं पडली. बहुतेक गेमर इथेच एस्केप दाबून पुढचं मिशन निवडतात. डीसीएस वर्ल्ड या विमान उडवण्याच्या गेममधलं एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान उडवणाऱ्याने मात्र इथे उठू नये. विमान अजून नौकेवर उतरायचं आहे.

दिवसा, स्वच्छ हवेत उतरण्याच्या पद्धतीला ‘केस वन’ म्हणतात. नौकेच्या मागे ३ मैल, उंची ८०० फूट, वेग ३५० नॉट, शेपटीचा हूक खाली. डेकवर, म्हणजे नौकेच्या सपाट पाठीवर, आडव्या ताणलेल्या चार तारांपैकी एकीत हा हूक अडकला की विमान थांबतं. नौका डाव्या हाताला ठेवून पुढे जायचं आणि विमान कुशीवर कलवून डावीकडे वळवायचं. हा ‘ब्रेक’. शॉट जरा लांबलाय. कापायला हात धजेना.

वळणातच वेग उतरतो. २५० नॉटच्या खाली आला की चाकं बाहेर, पंखांमागच्या झडपा म्हणजे फ्लॅप पूर्ण. आता नौकेच्या उलट दिशेने, उंची ६०० फूट.

[दृश्य : जॉयस्टिकवरचा अंगठा, अगदी जवळून]

आता हा अंगठा बघा. टिक, टिक, टिक. ट्रिम चालू आहे, म्हणजे स्टिक धरून न ठेवता नाक हव्या त्या कोनात राहील असं जुळवणं. समोरच्या काचेवर इंग्रजी ‘ई’सारखा कंस दिसतोय. विमान नेमकं कुठे चाललंय हे दाखवणारं छोटं वर्तुळ कंसाच्या मधल्या दांडीशी आलं, की पंखांचा हवेशी कोन ८.१ अंश झाला. बाजूचा पिवळसर गोल दिवा पेटतो. विमान ‘ऑन स्पीड’ आहे, म्हणजे उतरायला योग्य वेगावर.

इथून पुढे उंची सांभाळायची ती थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याने. खाली जातोय म्हणून स्टिक ओढली, तर नाक उचलतं, वेग पडतो आणि विमान आणखीच बसतं. धावपट्टीवर उतरून सरावलेल्यांना हे पटता पटत नाही. त्यांचा उजवा हात झटापट करतो, डावा गप्प असतो. इथे डाव्याला उसंत नाही. थोडी ताकद वाढव, लगेच काढ, पुन्हा किंचित दे.

नौकेच्या मागच्या कडेचा पांढरा भाग दिसला की ३० अंश कलून शेवटचं वळण. अर्ध्या वळणात ४५० फूट.

[दृश्य : टेबलावर आरसा, लिपस्टिकची रेघ, टॉर्च]

डेकच्या डाव्या कडेवर, उतरणाऱ्याला उंची बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे असतात. त्यांची मूळ कल्पना ब्रिटिश नौदलाचे निकोलस गुडहार्ट यांची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कल्पना समजावली ती म्हणे असाच आरसा आणि लिपस्टिक घेऊन. त्याआधी डेकवर उभा असलेला अधिकारी हातातली पॅडल हलवून वैमानिकाला खुणा करायचा. आरशाने ते काम उजेडावर सोपवलं. आज आरशाच्या जागी भिंगं आहेत. हिरव्या दिव्यांची आडवी ओळ आणि मध्ये वरखाली होणारा ‘बॉल’. ओळीच्या वर दिसला तर तुम्ही उंच, खाली दिसला तर खाली. लाल झाला तर फारच खाली.

त्याच काळातली दुसरी सुधारणा डेनिस कॅम्बेल यांची, तिरप्या डेकची. पूर्वी डेक सरळ असायचा. तार चुकलेलं विमान पुढे उभ्या असलेल्या विमानांच्या दिशेने जायचं. मध्ये फक्त आडवं जाळं. आता उतरायची पट्टी सुमारे ९ अंश डावीकडे वळलेली आहे, म्हणून तार चुकली तरी समोर मोकळा समुद्र असतो. त्याची किंमत गेमरही मोजतो: नौका पुढे सरकत असल्याने पट्टी सतत उजवीकडे निसटते आणि विमान पुन्हा पुन्हा किंचित उजवीकडे घ्यावं लागतं.

[दृश्य : शेवटचा टप्पा, न कापता]

सरळ रेषेत आल्यावर १५ ते १८ सेकंद मिळतात. बॉल, पट्टीची मधली रेघ, पिवळा गोल. पुन्हा बॉल. डेककडे टक लावायची नाही. शेवटी नाक उचलून चाकं अलगद टेकवायचा मोह आवरा. तसं केलं तर हूक तारांवरून निघून जातो. विमान आपटलंच पाहिजे.

आणि आपटताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे.

[दृश्य : हूक, तार]

चारपैकी तिसरी.

एकही तार मिळाली नाही तर त्याच ताकदीवर विमान पुन्हा उडतं. तो ‘बोल्टर’, आणखी एक फेरी. फार खाली आलात तर मागच्या कडेवर आदळून खेळ खलास.

विमान थांबलं की ताकद कमी करा, हूक वर घ्या आणि लाल-पांढऱ्या रेषेपलीकडे सरका. मल्टिप्लेयरमध्ये मागचा गडी तोवर ब्रेक घेऊन वळलेला असतो.