हिमचादरीचा वारा

पांढऱ्या पटावरून सरकणारा हा लाल ठिपका म्हणजे बारा चौरस मीटर कापडाचा एक पतंग आहे. त्याच्या दोऱ्या इतक्या बारीक आहेत की एवढ्या अंतरावरून कॅमेऱ्याला त्या टिपता येत नाहीत. दिसतो तो मागे रेललेला माणूस, त्याच्या पायांतील स्की आणि कमरेला बांधलेल्या दोरामागून एकापाठोपाठ येणाऱ्या दोन घसरगाड्या. ग्रीनलँडच्या दक्षिणेकडील नारसारसुआकपासून उत्तरेकडील कानाकपर्यंतचा, हिमचादरीवरून सुमारे २,३०० किलोमीटरचा हा प्रवास आहे. त्यात इंजिन नाही, कुत्र्यांची गाडी नाही आणि वाटेत रसद टाकून जाणारे विमानही नाही. तीन माणसे आहेत आणि वारा आहे.

हा वारा येतो कोठून, हे समजल्याशिवाय पुढची दृश्ये नीट उमगणार नाहीत. ग्रीनलँडची हिमचादर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेली आहे. त्या बेटाचा जवळजवळ चार पंचमांश भाग तिने व्यापला आहे आणि अंतर्भागात तिची जाडी तीन किलोमीटरहून अधिक भरते. तिचा आकार उपड्या घातलेल्या परातीसारखा आहे. माथ्यावरच्या बर्फाला टेकलेली हवा थंड होते, थंड झाली की जड होते, आणि जड झालेली हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात असा प्रवाह उजवीकडे वळतो, त्यामुळे माथ्यावरून पश्चिम किनाऱ्याकडे निघालेला हा वारा वाटेतच उत्तरेकडे कलतो. पश्चिम उतारावरून उत्तरेकडे जाणाऱ्या माणसाला तो पाठीमागून, उजव्या खांद्याच्या बाजूने लाभतो. म्हणजे ज्या बर्फावरून जायचे आहे, त्या बर्फानेच हा वारा घडवलेला असतो. पतंगाच्या प्रवासाला ‘वाऱ्याची आयती मदत’ म्हणून कमी लेखणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता पडद्यावर जे रेखाचित्र आले आहे, त्यातील घसरगाड्यांवर उभारलेले शीड निरखून पाहावे. ग्रीनलँडची हिमचादर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सर्वप्रथम ओलांडली ती १८८८ मध्ये, नॉर्वेच्या फ्रिटयॉफ नान्सेन यांच्या सहा जणांच्या तुकडीने. त्याआधी १८८३ मध्ये नॉर्डेनशील्ड आणि १८८६ मध्ये रॉबर्ट पिअरी पश्चिमेकडून बरेच आत शिरून परतले होते. पश्चिमेला वस्ती होती, म्हणून परतण्याची वाटही होती. २६ वर्षांच्या नान्सेन यांनी उलट बाजू निवडली. अत्यंत विरळ वस्तीच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाले की मागे फिरून उपयोग नाही आणि पुढे चालत राहण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते. त्यांच्या सोबत्यांमध्ये सॅम्युएल बाल्टो आणि ओले निल्सेन राव्हना हे दोघे सामी, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळ रहिवासी, होते; स्कीवर चालणे हे त्यांच्या रोजच्या जगण्यातले होते. समुद्रातल्या तरंगत्या बर्फाने या सहा जणांना दक्षिणेकडे फार दूर वाहून नेले, तेथून ते वल्ही मारत पुन्हा उत्तरेकडे आले, आणि ऑगस्टच्या मध्यावर उमिव्हिकहून चढाईला लागले.

कित्येक आठवडे त्यांनी गाड्या अंगबळाने ओढल्या. २,७०० मीटरांच्या आसपासची उंची गाठून उतार सुरू झाला आणि सप्टेंबरमध्ये पाठीमागून वारा सुटला, तेव्हा त्यांनी घसरगाड्या एकमेकींना बांधल्या, तंबूच्या तळाचे कापड शिडासारखे ताणले आणि ते वाऱ्याबरोबर निघाले. १९ सप्टेंबरला शिडावर धावत असतानाच त्यांना पश्चिमेची जमीन दिसली, आणि त्याच संध्याकाळी अंधारात ते एका खोल भेगेच्या अगदी काठाशी येऊन थांबले. ३ ऑक्टोबरला नान्सेन गॉटहॉपला, म्हणजे आजच्या नूकला, पोहोचले. ज्या प्रवासाला पायी केलेल्या ध्रुवीय मोहिमांचा आदर्श मानले जाते, त्याच प्रवासात शीड होते. रेखाचित्रात ते स्पष्ट दिसते. पुढे १९०९ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरून परतताना शॅकल्टन यांच्या तुकडीनेही घसरगाडीवर शीड चढवले, आणि त्यामुळे त्यांच्या चालण्याचे मोल कोणी कमी केले नाही.

शीड आणि पतंग यांत एक मोठा फरक मात्र आहे. शीड गाडीवर, जमिनीलगत उभे असते आणि तेथे वारा सर्वांत मंद असतो. पतंग वर जातो, जेथे वारा अधिक वेगवान आणि अधिक स्थिर असतो. काठ्या आणि डोलकाठी नसलेला, केवळ कापडी कप्प्यांमध्ये हवा भरून विमानाच्या पंखासारखा आकार घेणारा पतंग डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात सिद्ध केला. मोडण्यासारखे त्यात काहीच नाही, आणि घडी घातली की तो एका पिशवीत मावतो. ध्रुवीय प्रवाशाला नेमके हेच हवे होते. १९९६-९७ च्या उन्हाळ्यात बॉर्गे ऊसलँड यांनी शिडाचे साहाय्य घेत एकट्याने ६४ दिवसांत अंटार्क्टिका ओलांडले, तर पुढच्याच हंगामात आलँ युबेर आणि डिक्सी डान्सेरकूर या बेल्जियन जोडीने पतंगांच्या बळावर तो खंड पार केला.

आता पतंग उघडतानाचे दृश्य पाहावे. हे चित्रण आम्ही मुद्दाम कापलेले नाही, कारण या प्रवासाचे खरे कसब येथेच दिसते. माणूस वाऱ्याकडे पाठ करून उभा आहे. त्याच्यासमोर, वारा ज्या दिशेला जातो आहे त्या दिशेला, पतंग पाठीवर पसरलेला आहे आणि त्याची मागची कड हिमाच्या ढेकळांनी दाबून ठेवलेली आहे; ती दाबली नाही, तर पतंग मालकाची वाट न पाहता उठतो. चार दोऱ्या एकेक करून बोटांमधून फिरवून पाहिल्या जातात. एक पीळ, एक गाठ, हिमात अडकलेला एक तुकडा राहिला, तर वर गेलेला पतंग हुकूम मानत नाही. पुढच्या दोन दोऱ्या ओढ सांभाळतात, मागच्या दोन दोऱ्या दिशा देतात. कमरेच्या पट्ट्यात आकडा अडकवला जातो, एका झटक्यात सर्व सोडून देणारी कळ हाताने चाचपली जाते, आणि मग पुढच्या दोऱ्यांना हलकासा हिसका बसतो. कप्प्यांच्या तोंडांतून वारा आत शिरतो. कापड फुगते, ढेकळे झटकली जातात, आणि पतंग सरळ डोक्यावर जाऊन उभा राहतो. डोक्यावर तो शांत असतो. खरी ओढ लागते ती त्याला खाली, वाऱ्याच्या मुख्य झोतात आणल्यावर. वारा मंद असेल तर पतंगाला आडव्या पडलेल्या इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे सतत फिरवत राहावे लागते, कारण फिरणारा पतंग स्वतःच्या वेगाने आपली ओढ वाढवतो.

कोणता पतंग काढायचा, हा निर्णय रोज अनेकदा घ्यावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर ओढ दुप्पट होऊन थांबत नाही, ती चौपट होते. म्हणून प्रत्येकाच्या गाडीत लहान, मध्यम आणि मोठे असे वेगवेगळ्या आकारांचे पतंग आहेत. पतंग बदलायचा म्हणजे थांबायचे, दोऱ्या गुंडाळायच्या, दुसऱ्या सोडायच्या, आणि हे सर्व जाड हातमोजे घालून, किंवा ते क्षणभर काढून. वारा पडलेला असताना तिघे ज्या फार लांब दोऱ्या लावतात, त्या जमिनीलगतची निश्चल हवा ओलांडून पतंगाला वरच्या वाहत्या थरात पोहोचवण्यासाठी असतात. ढील किती द्यायची आणि केव्हा आखडते घ्यायचे, हे कोणत्याही उपकरणावर लिहून येत नाही. या तिघांपैकी जी सर्वांत पुढे आहे, ती पतंगाकडे फारसे पाहतच नाही. तिची नजर समोरच्या हिमावर असते आणि पतंग कोठे आहे ते तिला हातातल्या ताणावरून कळते.

पायी गाडी ओढणाऱ्याचे अंग सतत तापत असते. पतंगामागे जाणारा मात्र तासन् तास जवळजवळ एकाच स्थितीत वाऱ्यात उभा असतो, आणि म्हणून त्याला थंडी अधिक बोचते. वारा दिवसचे दिवस एकाच बाजूने येत असल्याने भारही एकाच पायावर पडत राहतो. ही सोपी वाट आहे असे म्हणणाऱ्यांनी मुक्कामाच्या वेळी टिपलेले हे गुडघे पाहावेत.

रात्रीच्या दृश्यांत प्रकाश कसा, असा प्रश्न पडेल. उन्हाळ्यात येथे, विशेषतः मार्गाच्या उत्तरेकडील भागात, सूर्य मावळत नाही, तो क्षितिजाजवळ उतरतो. तो खाली आला की बर्फावरची हवा अधिक थंड होते, उतारावरचा वारा जोर धरतो आणि दिवसा मऊ पडलेले हिम कडक होते, म्हणून प्रवास रात्री आणि झोप दिवसा, असे वेळापत्रक ठरते. सूर्याभोवती पडलेले हे खळे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे हे प्रतिसूर्य हवेत तरंगणाऱ्या हिमस्फटिकांमुळे दिसत आहेत.

सुमारे ६०० किलोमीटरांनंतर क्षितिजावर जो काळा घुमट उगवतो, तो डाय-२ या अमेरिकी रडार केंद्राचा आहे. शीतयुद्धाच्या काळात हिमचादरीवर उभारलेले आणि १९८८ मध्ये सोडून दिलेले हे केंद्र आता हळूहळू हिमात बुडत आहे. शेकडो किलोमीटरांत नजर अडकेल अशी हीच एक वस्तू आहे. तिघांनी तिच्या आडोशाला तंबू लावला आणि दुसऱ्या रात्री ते पुढे निघाले.

येथून उत्तरेला वाऱ्याने कोरलेले हिमाचे टणक कंगोरे लागतात. त्यांना सास्त्रुगी म्हणतात. काही गुडघ्याइतके उंच आहेत. स्की त्यांच्यावरून उडतात, गाड्या उलटतात, आणि वेगात असताना उलटलेली गाडी माणसाला मागे खेचते. पतंग पुढे ओढतो, गाडी मागे ओढते, आणि मध्ये एक कंबर असते. त्यानंतरचे काही दिवस वादळामुळे तंबूतच गेले. पूर्व किनाऱ्यावर याच उतारवाऱ्यांचे अतिशय प्रचंड रूप अनुभवाला येते. त्याला तेथील लोक पिटेराक म्हणतात, आणि १९७० च्या फेब्रुवारीत त्याने आजच्या तासीलाक गावाची मोठी हानी केली होती.

चांगला वारा असेल, तर एका दिवसात शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर सहज कापले जाते. २०१० मध्ये याच हिमचादरीवर एरिक मॅकनेअर-लँड्री आणि सेबॅस्टियन कोपलँड यांनी २४ तासांत ५९५ किलोमीटर अंतर पार केले. २०१४ मध्ये मॅकनेअर-लँड्री आणि डान्सेरकूर यांनी पश्चिमेचा वारा उत्तरेकडे आणि पूर्वेचा वारा दक्षिणेकडे वळतो याचाच आधार घेऊन ५५ दिवसांत ४,००० किलोमीटरहून लांब फेरी पूर्ण केली. या आकड्यांमुळेच पायी जाणाऱ्यांच्या विक्रमांशी तुलना होते आणि वाद उद्भवतो. अलीकडच्या वर्गीकरणांत पतंगाचा प्रवास हा स्वतंत्र प्रकार मानला जाऊ लागला आहे, आणि ते न्याय्य आहे. जहाजाने समुद्र ओलांडणाऱ्याला कोणी पोहून का गेला नाहीस असे विचारत नाही. त्याने वारा कसा वाचला, एवढेच विचारले जाते.

हा मार्ग निर्धोक नाही. डान्सेरकूर यांचे २०२१ मध्ये ग्रीनलँडमध्येच बर्फातील भेगेत पडून निधन झाले.

उत्तरेकडील शेवटचा टप्पा येतो तेव्हा उतार वाढतो आणि कडेजवळ भेगांचे जाळे सुरू होते. येथे वारा जोराचा आणि अनुकूल आहे. तरीही तिघांनी पतंग उतरवले आहेत. ज्या ठिकाणी क्षणात थांबता आले पाहिजे, तेथे पतंग बंद ठेवावा, हा यांचा नियम आहे, आणि २,२०० किलोमीटर वाऱ्याबरोबर आल्यानंतर समोर समुद्र दिसत असतानाही तो त्यांनी मोडला नाही. एकमेकांना दोराने बांधून, काठीने हिम टोचत, ते पायी उतरत आहेत. लांबून पाहिले तर नान्सेन यांच्या तुकडीचे रेखाचित्र आणि हे दृश्य यांत फारसा फरक दिसत नाही.

बर्फ संपतो तेथे खडक आहे. तिघांपैकी एक जण त्यावर बसून, हातमोजे काढून, चार दोऱ्या अंगठा आणि करंगळीभोवती उलटसुलट वेढे घेत गुंडाळतो आहे. पतंगाच्या कप्प्यांत साचलेले हिम दुसरा झटकून काढतो आहे. त्यांच्या मागच्या उतारावरून बारीक हिमकण जमिनीलगत सरपटत खाली येत आहेत, आणि घडी पुरी होण्याआधीच कापडाचे एक टोक पुन्हा फुगू लागले आहे.